पुनवेची टकटक

केजच्या जीप स्टँडवर उत्तरेश्वरच्या कानाला मान होता. रस्त्याकडं पाठ करून चहा पीत बसला असला, तरी मागनं कुणाची गाडी आली हे तो न वळता सांगायचा. नुसतं कुणाची एवढंच नाही, तिचा पट्टा ढिला झालाय का सायलेन्सरला भोक पडलंय, हेही सांगायचा. पोरं चहाची पैज लावायची आणि हरायची. त्यामुळं त्याच्या स्वतःच्या जीपला पुढनं टक असा आवाज यायला लागला आणि तो कुठनं येतोय हे त्यालाच उमगेना, तेव्हा ही गोष्ट त्यानं बरेच दिवस कुणाला सांगितलीच नाही.

आवाज तरी केवढा? दाताखाली फुटाणा फुटावा एवढा. डावं चाक खड्ड्यात उतरताना काही नाही. खड्ड्यातनं वर निघताना, टक. कधी वळणावर ब्रेक दाबता दाबता, टक. कानाच्या आधी तो टाचेला कळायचा, टाचेवरनं पोटरीत चढायचा आणि मग कानात यायचा. निदान उत्तरेश्वरला तसं वाटायचं. कारण गाडीतल्या दुसऱ्या कुणालाच तो येत नव्हता. मागं माणसावर माणूस बसलेलं, टपावर पोती, कुणाच्या पिशवीत कोंबडी, कुणाचं नात्यातलं भांडण, कुणाचा मोबाईल. अशा गलक्यात फुटाण्याएवढा आवाज ऐकायला कोण रिकामं बसलंय?

हा माणूस चाकांवरच वाढलेला. आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी सरली की धारूरजवळच्या वाडीतल्या घराला कुलूप लागायचं आणि लेकरंबाळं, भांडीकुंडी, शेळी, सगळं कारखान्याच्या दिशेनं निघायचं. उसानं भरलेल्या बैलगाडीवर, मोळ्यांच्या टोकावर पालथं पडून उत्तरेश्वर कारखान्यापर्यंत जायचा. खाली बाप कासरा धरून बसलेला. मधनंच बाप विचारायचा, कोणतं चाक बोलतंय रे? पोरगं कान लावायचं आणि सांगायचं, डावं. बाप गाडी थांबवून डाव्या चाकाला वंगण घालायचा. बापाला स्वतःला ऐकू येत असणार, पण तो विचारायचा पोराला. त्या विचारण्याची ऐट उत्तरेश्वरच्या अंगात बसली ती बसलीच. पुढं ट्रकवर क्लीनर झाला, मग कारखान्याला ट्रॅक्टर ओढला, मग ही काळी-पिवळी जीप घेतली आणि केजला घर केलं. तेव्हापासून केज ते धारूर, आणि माणसं मिळाली तर धारूरचा घाट उतरून खाली तेलगाव. ह्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याच्या वळखीचा होता.

थोरला पोरगा अभिमन्यू औंदा घरी राहिला होता. आजवर तोही कारखान्याला ट्रॅक्टर घेऊन जायचा. आता त्याची बायको सुनिता म्हणाली की पोरीच्या शाळेचे हाल होतात, तर राहिला. घरात एक जीप आणि ड्रायव्हर दोन. पोरगा तोंडानं वाईट बोलायचा नाही, पण आबांनी आता आराम करावा, हे त्याच्या मनात होतं. स्टँडवरच्या लोकांच्याही मनात आलं होतं. एवढंच, की कारण सापडत नव्हतं.

कारण उत्तरेश्वरनं स्वतःच दिलं. एक दिवस न राहवून त्यानं अभिमन्यूला आवाजाचं सांगितलं. पोरगा शेजारी बसून धारूरपर्यंत आला, चारदा मान वाकडी केली, मोबाईल खाली पायापाशी धरून रेकॉर्डिंग केलं. घरी येऊन सगळ्यांनी ते ऐकलं. त्यात इंजिन होतं, हॉर्न होता, रोज मागं बसणाऱ्या मिरचीवाल्या केसरबाईचं खोकणं होतं. टक नव्हती.

"आबा, गाडीला काय बी झालं न्हाई," अभिमन्यू म्हणाला. "एकदा डाक्टरला कान दावून घ्या."

एवढंच बोलला, पण तेवढ्यात सगळं आलं. आवाज खरा असला तर गाडी आजारी, आणि आवाज खोटा असला तर उत्तरेश्वर आजारी. आणि ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात त्याच्या हातात भरलेली जीप कोण देईल? उत्तरेश्वरनं स्वतःच दिली नसती.

त्यानं गाडी आसारामकडं नेली. आसाराम धारूरला बाजाराच्या मागं गॅरेज चालवायचा. हाताला गुण होता, तोंडाला थारा नव्हता. त्यानं जीपच्या चासीखाली, म्हणजे सांगाड्याखाली, जॅक लावला, डावं पुढचं चाक अधांतरी केलं, वरखाली धरून हलवलं, आडवं धरून हलवलं. चाक गच्च. उजवं बघितलं, तेही गच्च. मग त्यानं एक फेरी मारली. येताना गाणं म्हणत आला. गाडी मख्खन आहे, म्हणाला. उत्तरेश्वरनं स्वतः फेरी मारली. आवाज नव्हता. एकदाही नाही. जिथं हमखास यायचा त्या मोरीवरनं तीनदा गाडी काढली. नाही म्हणजे नाही.

झालं. आठवडाभर गाडी मुकी होती. मग हळूहळू, आधी वाटलं भास, मग टाचेला जरासं, मग पोटरीत, मग कानात. टक.

आता उत्तरेश्वर गोंधळला. गाडी बिघडलेली असली तर रोज बिघडलेली असंल. बरी असली तर रोज बरी असंल. हे काय, चार दिवस बरी, चार दिवस आजारी? तो ध्यान ठेवायला लागला. आणि ध्यान ठेवता ठेवता त्याला जे दिसलं ते त्यानं फक्त बायकोला, भिवराबाईला सांगितलं, तेही चुलीपुढं, सुनिता पाण्याला गेलेली बघून.

"चांद वाढतो तसा आवाज वाढायलाय," तो म्हणाला. "अमावस्या झाली की बंद. पुनव आली की लईच."

भिवराबाईनं भाकर तव्यावर टाकली, उलटली, काढली. मग विचारलं, "चांदाचा अन् चाकाचा काय संबंध?"

तेच तर उत्तरेश्वरला कळत नव्हतं. पण असं दोनदा झालं होतं. अमावस्येला गाडीचा आवाज जायचा ह्यात शंका नव्हती. अमावस्येला तर गाडीची पूजा. त्या भागातला कोणताच ड्रायव्हर ती चुकवत नाही. सकाळी धारूरला जायचं, आसारामच्या रॅम्पवर गाडी चढवायची, खालनं-वरनं धुवायची, आसाराम पंपानं सगळीकडं ग्रीस भरायचा, मग जुनं लिंबू-मिरची सोडून नवं बांधायचं, पुढच्या चाकापाशी नारळ फोडायचा, आणि मग आसारामनं एक फेरी मारायची. गाडी दाखवायची तीही त्याच दिवशी. धंद्याच्या दिवशी कोण गॅरेजात जाऊन बसतं?

भिवराबाईनं विचार केला. तिचं डोकं सरळ चालायचं. अमावस्येच्या नारळानं आवाज जातो, तर पुनवेलाही एक फोडा, म्हणाली. म्हणजे मधल्या दिवसांचा बंदोबस्त होईल. उत्तरेश्वरला पटलं. येत्या पुनवेला त्यानं घरापुढंच, कुणी उठायच्या आत, डाव्या चाकाला हळद-कुंकू लावून नारळ फोडला. खोबरं चांगलं निघालं, सगळ्यांनी खाल्लं. आणि केज ओलांडायच्या आत, पहिल्याच खड्ड्यातनं निघताना, टक. जास्तच जोरात, जसं काही त्याला चिडवायला.

त्या दिवशी तो पुरता चक्रावला. देव अमावस्येचा नारळ घेतो आणि पुनवेचा का घेत नाही? का देवाचा ह्यात काही संबंधच नाही? मग चांदाचा आहे का? का अभिमन्यू म्हणतो तेच खरं, आणि हे सगळं आपल्याच डोक्यात फिरतंय? वेड लागलेल्या माणसाचा आजार पुनवेला वाढतो असं तो लहानपणी ऐकून होता. हे आठवलं आणि त्याचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरनं उठला.

त्याच संध्याकाळी त्यानं पोराला सांगितलं की पुढच्या पुनवेला गाडी तू चालव, मी शेजारी बसतो. त्या दिवशी तुला आवाज आला तर आला. नाही आला तर चावी तुझी. पुनवच का, हे त्यानं सांगितलं नाही. पोरानंही विचारलं नाही.

पुनव आली. अभिमन्यू स्टेरिंगवर बसला. पुढं डावीकडं दोन बाप्ये, आणि उत्तरेश्वर पोराच्या उजवीकडं, दाराला चिकटून. आमच्याकडं काळी-पिवळीत ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक माणूस बसतो. ड्रायव्हर मधी अर्ध्या मांडीवर. मानाची जागा आहे ती, वारं लागतं. पण इतक्या वर्षांत उत्तरेश्वर तिथं कधी बसला नव्हता. त्याचं अर्धं अंग दाराबाहेर, कानात वारं घुसलेलं, पाय कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं. केसरबाई नेहमीच्या जागी, ड्रायव्हरच्या मागं, मिरचीचं गाठोडं मांडीवर घेऊन. तिला नवल वाटलं. ड्रायव्हर बदलला का जावई आलाय, असं तिनं विचारलं. कुणी हसलं, उत्तरेश्वर हसला नाही.

केज ते धारूर आवाज आला नाही. म्हणजे पोराला आला नाही, आणि उत्तरेश्वरलाही आला नाही. स्टेरिंगला हात नाही, पत्र्यावर टाच नाही, नुसतं वारं. त्याच्या वळखीचे सगळे खड्डे एकेक करून गेले आणि प्रत्येकाला त्यानं श्वास धरला. घाट उतरला. तेलगावला चहा पिताना अभिमन्यू कपातच बघत राहिला. बापाचा चेहरा त्याला बघवत नव्हता.

"आला का तुमाला?" त्यानं शेवटी विचारलं.

"न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. खोटं बोलता आलं असतं, पण बोलला नाही.

परत घाट चढताना निम्म्यावर फस्स झालं. डावं पुढचं चाक बसलं. माणसं उतरली. केसरबाई कठड्यावर बसली. अभिमन्यूनं मागच्या चाकांना दगड लावले, त्या बसलेल्या चाकापाशीही एक सरकवला आणि जॅक काढला. चासीखाली लावला तर जॅक मुरमात तिरपा व्हायला लागला. खाली चपटा दगड घातला, तरी पुरेसा वर जाईना. मग उत्तरेश्वर म्हणाला की आतल्या बाजूला, चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात आहे, त्याखाली लाव. तिथं थोडक्यात चाक जमिनीवरनं सुटतं. घाईच्या वेळी ट्रकवर असताना ते तसंच करायचे. पोरानं लावलं. चाक सुटलं. पंक्चर चाक काढलं, स्टेपनी चढवली, नट आवळले.

आता पुढचा दगड निघेना. नवं चाक फुगलेलं, ते दगडावर चेपून बसलं होतं. अभिमन्यूनं लाथ मारली, दगड हलला नाही. तेव्हा उत्तरेश्वरनं सीटखालची पहार घेतली, टोक चाकाखाली सारलं आणि दगड मोकळा करायला चाक वर उचललं.

टक.

जीप जागची हलली नव्हती. जॅकही हलला नव्हता. चाक तेवढं एकटं, बोटभर, वर उचललं गेलं होतं. उत्तरेश्वरनं पहार ढिली केली. चाक खाली आलं. टक.

अभिमन्यू चाकाला हात लावून उकिडवा बसला होता. त्याच्या तळव्याला ते कळलं. तो बापाकडं बघत राहिला.

"परत करा, आबा."

उत्तरेश्वरनं परत केलं. मग परत. मग पोरानं पहार घेतली आणि स्वतः केलं, आणि बापानं हात लावला.  कठड्यावरनं केसरबाई बघत होती.

"दगुड निघालाय कवाच," ती म्हणाली. "बापलेक खेळायलात का काय चाकासंगं?"

वरनं येणारी ओळखीची गाडी रिकामी होती. ती वळवून घेऊन सगळ्यांना तिच्यात बसवलं. केसरबाई उतरा-चढायला कुरकुरली, पण अभिमन्यूनं तिचं गाठोडं उचलून दिलं. मग रिकामी जीप चालत्या माणसाच्या वेगानं बापलेकांनी धारूरला नेली. अभिमन्यू चालवत होता, उत्तरेश्वर डाव्या अंगानं चाकाकडं बघत पायी चालत होता.

आसारामला पटेना. मी बघितलंय, गच्च आहे, म्हणाला. परत चासीखाली जॅक लावला, चाक हलवून दाखवलं. खरंच गच्च. उत्तरेश्वरला एक क्षण वाटलं, घाटात पण भासच झाला का काय, आणि पोरालाही झाला. पण अभिमन्यूनं जॅक काढून आतल्या लोखंडी हाताखाली लावला आणि चाकाखाली पहार घातली. टक झालं. आसारामनं पहार त्याच्याकडनं घेतली, स्वतः केलं, आणि डोकं खाजवलं. तेलाचा हात डोक्याला लागला ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग त्यानं एका हाताची वाटी करून तिच्यात दुसऱ्या हाताची मूठ फिरवून समजावलं. चाकाला धरणाऱ्या त्या हाताच्या टोकाला वाटी असते, वाटीत लोखंडी गोळी फिरते. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. गोळी झिजली की वाटीत ढिली होते. पण चासीवर जॅक लावला की हात खाली लोंबतो आणि त्याचा ताण गोळीला वाटीत दाबून धरतो. झीज दिसतच नाही. हाताखाली जॅक लावला तर ताण सुटतो, आणि मग चाक उचललं की गोळी उड्या मारते. "हे मला ठावं होतं बे," तो अभिमन्यूला म्हणाला, "पण कावून सुचलं न्हाई, देव जाणे."

काम सुरू झालं. आसारामनं चाक काढलं, वाकडी पिन सरळ करून ओढली, खालचा नट ढिला केला पण पुरता काढला नाही, नाहीतर सगळं अंगावर येतं. मग अभिमन्यूनं एका बाजूनं घण टेकवून धरला आणि आसारामनं दुसऱ्या बाजूनं हातोडा हाणला. गंजलेला सांधा जागचा हटेना. हाणता हाणता एकदम सुटला, आणि उत्तरेश्वर दचकला. जुना जॉइंट बाहेर आला तेव्हा त्याची रबराची टोपी फाटलेली होती, आत ग्रीसऐवजी माती होती. आसारामनं तो उत्तरेश्वरच्या तळव्यावर ठेवला. उत्तरेश्वरनं कानापाशी नेऊन हलवला. लेकराच्या खुळखुळ्यासारखा वाजला.

"हाच," तो म्हणाला. "हाच आवाज."

नवा बसवला, बोल्ट आवळले, नवी पिन घालून वाकडी केली. उजवीकडचाही त्याच रीतीनं बघितला. तोही थोडा खेळत होता, तोही बदलला. शेवटी पंप घेऊन ग्रीस भरता भरता आसारामनं सहज विचारलं की मागं ग्रीस कधी भरलं होतं.

"अमावस्येला. तूच तर भरतोस," उत्तरेश्वर म्हणाला, आणि मग न राहवून त्यानं सगळं सांगून टाकलं. चांद, पुनव, पुनवेचा नारळ. आसाराम ऐकत गेला. मग पंप खाली ठेवून तो टायरवर बसला आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अरे, म्हणाला, ताजं ग्रीस भरलं की झिजलेली फट भरायची, गोळीला गादी मिळायची. टोपी फाटलेली, म्हणून ते धूळपाण्यात वाहून जायचं. पुनवेपर्यंत वाटी कोरडी. आणि फेरी मारायला मला बोलवायचा कधी, तर ग्रीस भरल्यावर.

अभिमन्यू हसला नाही. त्यानं खिशातनं चावी काढली, बापाच्या हातात दिली आणि उजव्या दाराच्या जागेवर जाऊन बसला.

पण उत्तरेश्वरचा गोंधळ काही मिटला नाही. ग्रीसचं पटलं, मग नारळांचं काय? इतक्या वर्षांचे अमावस्येचे नारळ ग्रीसच्या नावावर जमा झाले का? आणि दुसरं मोठं. जीप आता चालत होती मुकी. मोरीवरनं, खड्ड्यातनं, वळणावरनं, काही नाही. पण ग्रीस ताजं होतं. ग्रीस ताजं असताना ती तशीही मुकीच असायची. आणि त्या दिवशी दाराशी बसून आपल्याला केज ते तेलगाव काहीच ऐकू आलं नव्हतं, हे तर खरंच होतं ना? आवाज गेला म्हणून ऐकू येत नाही, का कान गेला म्हणून? सांगणार कोण?

म्हणून तो पुढच्या पुनवेची वाट बघत बसला. आदल्या दिवशी त्यानं भिवराबाईच्या हातात नारळ दिला आणि सकाळी चाकापाशी फोडायला सांगितला. आता कशाला, असं तिनं विचारलं. असू दे, म्हणाला.

पुनवेला भिवराबाईला धारूरच्या बाजाराला यायचं होतं. ती मागं केसरबाईच्या शेजारी बसली. अभिमन्यू उजव्या दाराशी. त्यानं आज मोबाईलवर गाणी लावली नव्हती. केज मागं पडलं. पहिला खड्डा. दुसरा. मोरी. उत्तरेश्वरची टाच पत्र्यावर, कान पुढं, श्वास धरलेला. काही नाही. मिरचीचा तिखट वास नाकात येत होता, मागं माणसं बोलत होती, आणि चाकातनं काहीच येत नव्हतं. त्याला आनंद व्हायला पाहिजे होता. उलट कानच गेला का काय, असं वाटून तो आणखी पुढं वाकला.

तेवढ्यात मागं भिवराबाई केसरबाईच्या कानाला लागली. तोंडावर पदर धरून, अगदी हळू.

"नारळ म्या फोडलाच न्हाई. कालवणात वाटला. ह्यास्नी सांगू नका."

"कावून न्हाई फोडला?" उत्तरेश्वरनं न वळता विचारलं.

 अभिमन्यूनं बाहेर तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. उत्तरेश्वरला बायकोवर चिडायचं होतं, निदान देवासाठी तरी, पण ते जमेना. त्यानं गिअर बदलला. चढ लागला होता, आणि इंजिनाचा पट्टा थोडा, अगदी थोडा, ढिला वाजत होता.